आला का हो, मावशी?

शिंपी खुर्चीत बसण्याआधीच बाईंना कळलं, हा कशासाठी आला आहे ते. दारातून आत येताना ज्याची जीभ आतून गाल उकरत असते, त्याला तक्रार विचारावी लागत नाही. तरी बाईंनी विचारलं, कारण विचारायची रीत आहे.

"काय म्हणतोय दात?"

"दात गप आहे, बाई. अन्न बोलतंय. म्हणतंय, मी इथंच राहणार," शिंपी म्हणाला. "मागच्या वर्षी तुम्ही भरलात ना, त्याच्या नि शेजारच्या दाताच्या मधे. कोथिंबीर खाल्ली की कोथिंबीर, मांस खाल्लं की मांस. घरातले सगळे जेवून हात धुवून मोकळे होतात, मी आपला आरशासमोर उभा. काल तर सुईनं काढलं."

"सुईनं?"

"माझ्याकडे दुसरं काय असणार?"

एरवी बाई खळखळून हसल्या असत्या. पण हा या महिन्यातला पाचवा माणूस होता. पाचही जणांचं गाऱ्हाणं हेच, आणि पाचही दात बाईंनी स्वतःच्या हातानं भरलेले. त्यांनी छोटा आरसा आत धरून पाहिलं. वरून फिलिंग झकास होतं, गुळगुळीत, दाताच्या रंगाला रंग मिळालेला. फक्त जिथं ते शेजारच्या दाताला टेकायला हवं, तिथं टेकत नव्हतं. नखाची कड शिरेल एवढी फट होती, आणि फटीच्या तळाशी हिरडी लाल होऊन सुजली होती.

"हल्ली मटेरियलच धड येत नाही," बाई म्हणाल्या. "काढून नवीन भरावं लागेल. पुढच्या आठवड्यात या."

मागे मदतनीस मावशी ट्रे पुसत होत्या. पुसलेलाच ट्रे त्यांनी पुन्हा पुसायला घेतला. मावशींना स्वच्छतेचं वेड होतंच, म्हणून बाईंनाही त्याचं काही वाटलं नाही.

बाईंना सगळा रस्ता 'दातवाल्या बाई' म्हणत असे. जसं काही बाकीच्या बायकांना दात नव्हते. सायकलच्या दुकानावरची एक खोली, तिच्यात एक खुर्ची, मागे एक चिंचोळी खोली, आणि जिना एवढा उभा की दाढ दुखणारा माणूस वर पोचेपर्यंत गुडघेही दुखायला लागावेत. चौतीस वर्षं बाई याच खोलीत, याच बाजूला मान वाकवून लोकांच्या तोंडात बघत होत्या. त्यामुळे मान आता सरळ केली तरी जराशी डावीकडेच राही. लग्नाच्या फोटोत त्या एखाद्या गोष्टीवर शंका घेत असल्यासारख्या दिसत नाहीत, आताच्या फोटोंत दिसतात.

बाई थकल्या होत्या. एखाद्या दिवसाचा थकवा झोपेनं जातो, हा तसा नव्हता. सकाळी उठतानाच उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका असे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. दवाखाना बंद करायचं त्या पाच वर्षं बोलत होत्या, पण दरवेळी कुणीतरी म्हणे, "बाई, माझा एवढा एक दात होऊ दे, मग खुशाल बंद करा." माणसाला बत्तीस दात असतात आणि रस्त्यावर माणसं पुष्कळ, त्यामुळे हा एवढा एक दात काही केल्या संपत नसे.

आणि बाईंना खरं तर असं कुणी म्हटलेलं आवडायचं. आपल्या हाताचं काम टिकतं, हा एकच गर्व त्यांनी आयुष्यभर जपला होता. दागिन्यांचा नव्हता, रूपाचा तर नव्हताच.

मावशी एकोणीस वर्षांपूर्वी फरशी पुसायला आल्या. बाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण पेशंट मावशी म्हणायला लागले म्हणून बाईही म्हणायला लागल्या आणि मग तेच नाव पडून गेलं. फरशी पुसता पुसता मावशी दातात भरायचं सिमेंट कालवायला शिकल्या, थुंकी ओढायची नळी धरायला शिकल्या. आता तर बाईंनी हात मागे केला की मागितलेली वस्तू हातात आलेली असे, आणि पुष्कळदा न मागितलेलीही, जी पुढच्या क्षणी लागणारच असे.

दोन दातांमधली कीड काढून तिथं भरायचं काम सोपं दिसतं, पण ते सगळ्यात खट्याळ काम. दाताला कागदाहून पातळ पोलादी पट्टी गुंडाळायची. मग दोन दातांच्या मधे एक इवलीशी लाकडी पाचर दाबून बसवायची, चांगली जोर लावून, म्हणजे दोन्ही दात केसभर बाजूला सरतात. मग भरायचं, निळ्या दिव्यानं घट्ट करायचं आणि पाचर काढली की दात परत जवळ येऊन एकमेकांना टेकतात. टेकले की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी मधून दोरा घालायचा. दोरा अडखळून आत गेला आणि 'टक्' असा आवाज आला, तर दात जुळले. सरकन गेला, तर सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून.

बाईंना शिकवणाऱ्या सरांनी त्यांना सांगितलं होतं, बोटांवर जाऊ नका, बोटं आपले लाड करतात, हवं तेच सांगतात, कानावर जा. बाई चौतीस वर्षं कानावर गेल्या. अलीकडे खालच्या दुकानातल्या ठोकाठोकीत आवाज नीट कळेना, म्हणून दोरा घातला की त्या मागे न बघता विचारायच्या, "आला का हो, मावशी?"

"आला," मावशी म्हणायच्या. मग पेशंटनं चूळ भरायची.

शिंपी गेल्यावर बाईंनी कपाटातले केसपेपर काढले. दोन दातांमधली फिलिंग्ज तेवढी वेगळी काढत गेल्या. तक्रार घेऊन आलेले पाचही जण गेल्या दोन वर्षांतले निघाले. त्याआधीच्या इतक्या वर्षांतला एकही नाही. दोन वर्षांत अशी फिलिंग्ज एक्केचाळीस झाली होती. काही केसपेपरांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. मावशी फोन करायच्या तेव्हा काहीतरी खूण करत असतील, असं म्हणून बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष एका प्रश्नात अडकलं होतं. मटेरियल दोन वर्षांत तीनदा बदललं होतं, मग दोष मटेरियलचा कसा?

घरी गेल्यावर त्यांनी टीव्ही लावला. स्वयंपाकघरातून नवरा ओरडला, "अगं, आवाज कमी कर. समोरच्या घरातले लोक आपल्या टीव्हीवर बातम्या ऐकतात."

"बातम्या देणारेच हल्ली पुटपुटतात," बाई म्हणाल्या.

"ते पुटपुटतात, मी पुटपुटतो, मुलगी फोनवर पुटपुटते. तुझ्याशी बोलताना सगळ्यांना झालंय काय?"

बाईंनी आवाज कमी केला आणि नुसतीच चित्रं बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी खिशातून खडूचा डबा काढून खुर्चीच्या हातावर ठेवला. आत दात कोरायच्या काड्या होत्या, टोकं एका दिशेला करून नीट लावलेल्या.

"या गेल्या वर्षीच्या तुमच्या फिलिंगच्या कृपेनं," ते म्हणाले. "रोज चार लागतात. रविवारी सहा."

बाईंनी मनात आकडा मोजला. हा सहावा. त्यांनी तोंडात पाहिलं. गेल्या वर्षीचं फिलिंग डावीकडे, फट होतीच. उजवीकडे मात्र अकरा वर्षांपूर्वीचं एक होतं, तेही बाईंच्याच हातचं, तसंच दोन दातांमधलं. त्या फिलिंगबद्दल हेडमास्तरांची काहीच तक्रार नव्हती. बाईंनी दोरा घेतला आणि आधी त्या जुन्या फिलिंगमधून घातला. दोरा अडखळला, मग आत गेला.

"बापरे!" हेडमास्तर म्हणाले. "केवढ्यानं वाजलं! थेट कानात गेलं."

बाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी दोरा बाहेर काढून परत घातला. हेडमास्तरांच्या भुवया परत वर गेल्या. बाईंना खालच्या सायकलवाल्याचा हातोडा ऐकू येत होता, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता. एक तो बारीक 'टक्' तेवढा नव्हता. ज्या एका आवाजावर चौतीस वर्षं काढली, तो कधी बंद झाला हेसुद्धा त्यांना कळलं नव्हतं. चौतीस वर्षं कानापाशी किंचाळणाऱ्या ड्रिलनं तो खाऊन टाकला होता, थोडा थोडा करून.

मग या फटींवर दोन वर्षं मावशी 'आला' म्हणत होत्या ते कसं?

त्यांनी मागे वळून पाहिलं. मावशी बेसिनपाशी पाठ करून उभ्या होत्या. नळ चालू होता आणि हातात धुवायला काहीच नव्हतं.

दुपारी मागच्या खोलीत दोघी नेहमीसारख्या डबे घेऊन बसल्या. हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र शेजारी धुसफुसत होतं, मावशी त्याला कुकर म्हणायच्या. बाईंनी डबा उघडलाच नाही.

"मावशी, कधीपासून?"

मावशींनी अर्थ विचारला नाही. झाकण हातात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "बेकरीवाला आला होता बघा, त्याची वरची दाढ. तुम्ही दोरा घातलात, विचारलंत. मी म्हटलं, नाही आला. तुम्ही सगळं काढून परत भरलंत. परत नाही. परत काढलंत. तिसऱ्यांदाही नाही म्हटल्यावर तुम्ही हातमोजे काढलेत आणि अंगठा काखेत दाबून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिलात. मला वाटलं बाहेर बघताय. तुम्ही रडत होतात, बाई."

बाईंना तो दिवस आठवला. अंगठा फार दुखला होता, एवढंच त्यातलं आठवत होतं.

"मग चौथ्यांदा केलंत. तेव्हाही आवाज नव्हता. पण तुम्ही विचारलंत नि माझ्या तोंडून निघून गेलं, आला. तुमचा चेहरा असा मोकळा झाला ना... त्यानंतर मला नाही म्हणायला जमलंच नाही. संध्याकाळची वेळ असायची, बाहेर तीन माणसं बसलेली असायची, तुमचा अंगठा काखेत गेलेला असायचा. मी म्हणायची, आला."

"मला ऐकू येत नाही, हे माहीत होतं?"

"आधी नव्हतं. मग कळलं."

बाईंना संताप आला. गेल्या कित्येक वर्षांत एवढा आला नव्हता, कारण संताप यायलाही अंगात जोर लागतो. "दोन वर्षं!" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी लोकांच्या तोंडात भोकं ठेवून त्यांना चूळ भरायला लावली! एक्केचाळीस माणसं घरोघरी बसून दात कोरताहेत, मावशी, तुमच्या दयेपायी. मी तुमच्याकडे दया मागितली होती? मी आवाज विचारला होता. एवढंच विचारलं होतं!"

"सव्वीस," मावशी हळूच म्हणाल्या.

"काय?"

मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "सव्वीस. एक्केचाळीस नाही. पंधरा जणांचा आला होता. खरंच आला होता. ज्यांचा नाही, त्यांच्या कागदावर ठिपका केलाय."

"कशाला?"

"कधीतरी तुम्ही विचाराल म्हणून."

बाई अजूनच चिडल्या. ठिपके करायला हात चालला आणि दोन अक्षरं बोलायला तोंड नाही चाललं! "उद्यापासून येऊ नका," त्या म्हणाल्या. म्हणून झाल्यावर आपल्यालाच ते ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

मावशींनी मान डोलावली. अर्धा राहिलेला डबा बंद केला, ओढणीनं तोंड पुसलं. आणि उठता उठता त्यांची जीभ आतून डावा गाल उकरू लागली, काल दारातून येणाऱ्या शिंप्याची उकरत होती अगदी तशी.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तोंड उघडा."

"काही नाही हो."

"उघडा म्हणते ना."

मावशींनी उघडलं. बाईंनी खिडकीकडे त्यांची हनुवटी वळवली. डावीकडे खाली, दीड वर्षापूर्वी दवाखाना बंद करता करता बाईंनीच एक फिलिंग केलं होतं. त्याचा केसपेपर काढलाच नव्हता, घरच्या माणसाचा कोण काढतो? त्या फटीत आत्ताच्या जेवणाचा तुकडा बसलेला होता. हिरडी शिंप्यापेक्षा वाईट होती, हात लावताच रक्त आलं. उजवीकडचे दात जास्त झिजलेले होते. दीड वर्षं मावशी एका बाजूनं जेवत होत्या, रोज दुपारी, बाईंच्या समोर बसून.

"तेव्हाही मी विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या स्वतःच्या तोंडात."

"हो."

"आणि तुम्ही..."

"आला म्हटलं."

बाई स्टुलावर बसल्या. संताप होता तिथंच होता, पण त्याला धरून ठेवायला हातात काही राहिलं नव्हतं. लोकांना फसवून मावशी स्वतः मजेत राहिल्या असत्या तर त्यांना हाकलून देता आलं असतं. बाईंना त्या क्षणी सगळ्याचाच वीट आला, अंगठ्याचा, कानाचा, या खोलीचा, आणि आपला थकवा लपत नाही एवढंही आपल्याला कळत नव्हतं, याचा.

"चला, खुर्चीत बसा," त्या म्हणाल्या.

"आत्ता? तीन वाजता लोक येतील."

"येऊ देत."

नळी धरायला कुणी नव्हतं, म्हणून मावशींनीच स्वतःच्या तोंडात स्वतःच्या हातानं नळी धरली, आणि सवयीनं ती बाईंपेक्षा आधी योग्य जागी नेली. भुलीची सुई नको म्हणाल्या. बाईंनी जुनं फिलिंग काढलं, आतला दात साफ केला, पट्टी गुंडाळली, पाचर बसवली, भरलं. निळा दिवा विझला. दोरा घातला. तोंडातला आवाज ज्याच्या तोंडात असतो त्याला सगळ्यात आधी कळतो. बाईंनी मावशींच्या डोळ्यांत बघत विचारलं, "आला?"

मावशींनी तोंडातली नळी बाजूला केली. मग त्यांनी मान हलवली. नाही.

बाईंनी एक शब्द न बोलता सगळं काढलं. पुन्हा पट्टी, पुन्हा पाचर. अंगठ्यातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. पुन्हा भरलं, पुन्हा दोरा.

"आला?"

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान पुन्हा तशीच हलली. नाही.

बाई उभ्या राहिल्या. खिडकीपाशी गेल्या नाहीत. भरलेलं पुन्हा काढून त्यांनी पाचर चिमट्यात पकडली, चिमटा मुठीत घेतला, डाव्या हाताचा तळवा मुठीवर ठेवला आणि अंगठा बाजूला काढून खांद्याचा सगळा भार त्या इवल्याशा लाकडावर टाकला. असं कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. भरून झालं, दिवा झाला, पाचर निघाली. दोरा घातला तेव्हा मावशी दचकल्या, आणि बाईंनी विचारायच्या आत त्यांची मान हो म्हणून हलली.

बाईंना अर्थात काही ऐकू आलं नव्हतं. पण दोनदा नाही म्हणणाऱ्या मावशींचं तिसरं हो खरं मानायला हरकत नव्हती. खात्रीसाठी त्यांनी आपल्या डब्यातली पेरूची फोड मावशींच्या हातात दिली आणि डाव्या बाजूनं खायला लावली. मग तोंड उघडायला लावून आरशात नीट पाहिलं. दातांत एकही बी अडकलेली नव्हती.

"ठिपक्यांचे कागद काढा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना फोन करा. सांगा, चूक बाईंची आहे, येऊन बदलून घ्या. असं काम दिवसाला एकच घेणार, माझ्यानं जास्त होणार नाही. सव्वीस झाले की पाटी उतरवायची. मग कुणाचा एवढा एक दात राहिला तरी चालेल."

"आणि मी उद्यापासून..."

"उद्या शिंप्याला बोलवा," बाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्याची वाट नको."

शिंपी आला. येताना सुई घरी ठेवून आलो, असं त्यानं मुद्दाम सांगितलं. बाईंनी जुनं काढलं, पट्टी चढवली, मुठीत चिमटा धरून पाचर दाबली, भरलं. सगळं मिळून पाऊण तास गेला. बाहेर दोन माणसं बसली होती. बाईंनी मधेच थांबून सगळ्यांदेखत अंगठा चोळून घेतला. त्यांनी दोरा घातला आणि मागे न बघता विचारलं.

"आला का हो, मावशी?"

मावशी एक पाऊल पुढे आल्या. अगदी बाईंच्या कानापाशी.

"नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

शिंपी आ वासून आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघत राहिला. बाईंनी अवघडलेली मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवली, आणि हात मागे केला. नवी पाचर त्यांच्या हातात आलेली होती.